संसर्गरोगांतलं पदव्युत्तर प्रशिक्षण: तीन वर्षं कशी वाटून द्यावीत?

तापमापक

एमडी मेडिसिननंतर संसर्गरोगांत डीएम किंवा डीआरएनबी ही अतिविशेष पदवी करणाऱ्याच्या हाती तीन वर्षं असतात. देशभरात जागा मोजक्याच, त्यामुळे नवा विभाग बहुतेकदा एखाद्या जुन्या केंद्राचं वेळापत्रक उचलतो आणि तसंच राबवतो. पण दिल्ली किंवा वेल्लोरचं वेळापत्रक तिथल्या रुग्णांवर बेतलेलं असतं. आपल्याकडे विदर्भात पावसाळा सरता सरता स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप), गडचिरोलीचा फाल्सिपॅरम मलेरिया, सिकलसेल, कुष्ठरोग, आणि शहरातल्या आयसीयूंमध्ये कशालाच दाद न देणारे ग्राम निगेटिव्ह जंतू, असं सगळं एकाच वेळी असतं. नागपुरात शिकणाऱ्यासाठी वेगळी आखणी हवी, हा माझा मुद्दा.

कच्चा आराखडा, महिन्यांत: सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब ४, वॉर्डांतले कन्सल्ट (इतर विभागांच्या रुग्णांवर सल्ला) १२, आयसीयू ३, कर्करोग आणि प्रत्यारोपण ३, एचआयव्ही ३, क्षय आणि कुष्ठ ३, संसर्ग नियंत्रण आणि अँटिबायोटिक स्टुअर्डशिप (अँटिबायोटिकचा जपून वापर) ३, बालरोग १, जिल्हा २, ऐच्छिक २. एकूण ३६.

लॅबचे चार महिने अगदी सुरुवातीला आणि सलग असावेत असं मला वाटतं. रिपोर्ट कसा तयार होतो हे न पाहता जो कन्सल्ट लिहायला लागतो, तो पुढे कायम कागदावरचं एस (औषध चालेल) आणि आर (चालणार नाही) वाचत राहतो. कुठे चुकतंय ते सांगा.

सूक्ष्मदर्शी

लॅब आधी, याला पूर्ण पाठिंबा. सलग चार महिन्यांना विरोध. पहिल्या दोन महिन्यांत हात बसतो. पुढचे दोन महिने रेसिडेंट नुसता उभा राहतो, कारण त्याच्याकडे विचारायला रुग्णच नसतो. दोन महिने सुरुवातीला ठेवा, आणि नंतर तिन्ही वर्षं आठवड्यातून दोन सकाळी प्लेट राउंड (जंतू वाढवलेल्या बशा पाहायची फेरी) सक्तीचा करा. स्वतः पाहिलेल्या रुग्णाची प्लेट पाहताना जे डोक्यात शिरतं ते कोऱ्या मनाने पाहताना शिरत नाही.

एक उदाहरण देते. मधुमेही शेतकरी, यकृतात किंवा प्लीहेत गळू, ताप. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहिल्यावर, ऑक्सिडेज चाचणीला पॉझिटिव्ह ग्राम निगेटिव्ह दांडके. घाईत त्याला 'स्युडोमोनास प्रजाती' म्हणून मोकळं होतात. स्वयंचलित यंत्रही कधी कधी बर्खोल्डेरिया सेपेशिया असं नाव देतं. पण जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही आणि को-अमॉक्सिक्लॅव्हला मात्र देतो, एवढं दिसलं की मेलिऑइडोसिसचा (माती-पाण्यातल्या बर्खोल्डेरिया स्युडोमॅलेईच्या संसर्गाचा) विचार झालाच पाहिजे. प्लेट लगेच सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्यायची, उघड्या टेबलावर हुंगायची तर मुळीच नाही. उपचारही साधा नाही: निदान १०–१४ दिवस शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, मग किमान तीन महिने कोट्रायमोक्साझोल. हा संशय रुग्णाची हकिगत माहीत असलेल्या माणसालाच येतो, बेंचवरच्या एकट्या माणसाला नाही.

रेसिडेंट_मेडिकलचौक

"लॅबमध्ये बसा" असं सगळेच सांगतात. बसून नेमकं करायचं काय, ते कुणी लिहील का? आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना तेच हवं आहे.

सूक्ष्मदर्शी

लिहिते. पहिला आठवडा फक्त ग्राम स्टेन, म्हणजे जंतू जांभळा (पॉझिटिव्ह) की गुलाबी (निगेटिव्ह) ते दाखवणारा रंग. रोज स्वतः रंगवायचे, रोज कुणाकडून तरी तपासून घ्यायचे. जास्त वेळ डीकलराइज केलं (रंग धुतला) तर ग्राम पॉझिटिव्हही गुलाबी दिसतो, जाड स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या नमुन्यात) उलटं होतं. या दोन चुका स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या की रिपोर्टवरच्या 'ग्राम व्हेरिएबल' शब्दाचं वजन कळतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ब्लड कल्चरच्या मागे लागायचं. यंत्रात बाटलीने वाढीचा इशारा दिला की ग्राम करायचा आणि तासाभराच्या आत वॉर्डला फोन. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या: काय दिसलं, किती बाटल्यांपैकी कितीत दिसलं, किती तासांनी वाढलं. चारपैकी एकाच बाटलीत, तेही ३० तासांनंतर गुच्छातले कॉकाय (गोल जंतू) आले तर बहुधा त्वचेवरचा कोअॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ. चारही बाटल्यांत १२ तासांत आले तर स्टॅफ ऑरियस धरून चालायचं. त्याच दिवशी ब्लड अगार आणि मॅकॉन्कीवर सबकल्चर, दुसऱ्या दिवशी ओळख आणि सेन्सिटिव्हिटी (जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते) लावणं, तिसऱ्या दिवशी वाचन. माल्डी-टॉफ हे जंतू ओळखणारं यंत्र असेल तर ओळख काही मिनिटांत होते, सेन्सिटिव्हिटीला मात्र वेळ लागतोच.

तिसरा-चौथा आठवडा डिस्क डिफ्यूजन (औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेला पट्टा, म्हणजे झोन, पाहणं) आणि एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण). झोन स्वतः मोजायचा आणि सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्याशी ताडायचा. कोलिस्टिन डिस्कवर वाचता येत नाही, कारण रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनसारखी, औषध पातळ करत नेऊन पाहायची पद्धत लागते. साल्मोनेलाला (टायफॉइडच्या जंतूचं कूळ) सिप्रोची डिस्क फसवते, तिथे पेफ्लॉक्सासिनची लावतात.

दुसरा महिना बुरशी, क्षयाची लॅब आणि परजीवी. मलेरियाची जाड आणि पातळ स्मिअर स्वतः बनवता आलीच पाहिजे, यात सूट नाही.

धंतोलीकर

लॅबवर एवढी चर्चा झाली, पण नमुना लॅबपर्यंत पोचतो कसा? निम्मं प्रशिक्षण तिथे हवं. प्रौढाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जायला हवं. पडतं ३-४ मिली, कारण ड्युटीवरचा माणूस ५ मिलीची सिरिंज घेऊन जातो आणि ती दोन बाटल्यांत वाटतो. रक्तातले जंतू इतके विरळ असतात की रक्त कमी पडलं तर यंत्र कितीही महागडं असो, सापडत नाही.

क्रम असा: अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, दोन वेगळ्या जागा, २ टक्के क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने ३० सेकंद घासून पूर्ण वाळू द्यायचं, वाळल्यावर परत बोट लावायचं नाही, बाटलीचं रबर अल्कोहोलने पुसायचं, आधी एरोबिक (हवेत वाढणाऱ्या जंतूंची) बाटली, मग अॅनेरोबिक (हवेविना वाढणाऱ्यांची). सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संशय असेल तरच लाइनमधून, आणि तेव्हा हाताच्या शिरेतूनही त्याच वेळी तेवढंच रक्त. लाइनची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी वाजली तर लाइनच दोषी.

आता नागपूरपुरतं. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही हे सगळ्यांना पाठ असतं. मे महिन्यात ती नर्सिंग स्टेशनच्या खिडकीत किंवा कुरिअरच्या दुचाकीच्या डिक्कीत तापते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. बाहेर ४५ अंश असताना जंतू बाटलीतच वाढून घेतात, आणि यंत्रात चढेपर्यंत वाढीचा चढ संपलेला असतो. यंत्र बदल मोजतं. चढ दिसलाच नाही तर बाटली निगेटिव्ह निघते. छोट्या रुग्णालयांतून नमुने मध्यवर्ती लॅबला जातात तिथे दोन तासांत पोचवायची सोय आणि इन्सुलेटेड डबा हवाच.

अंबाझरी

दोन सेट म्हणजे चार बाटल्या. खिशातून पैसे देणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? वर उल्लेख केलेल्या मोठ्या केंद्रांत हा प्रश्न कमी येत असेल, आपल्याकडे रोज येतो.

धंतोलीकर

प्रश्न रास्त आहे. पैसे दोनच बाटल्यांचे असतील तर दोन्ही एरोबिक, दोन वेगळ्या हातांतून, प्रत्येकी पूर्ण १० मिली. एकाच हातातून भरलेल्या जोडीपेक्षा हे बरं, कारण दूषित नमुना कोणता ते ओळखता येतं. पोटातला संसर्ग असेल तर अॅनेरोबिकचा विचार करावा लागतो. आणि खर्चाचं गणित पूर्ण मांडायचं: कल्चर न करता सुरू केलेलं मेरोपेनेम दहा दिवस चालतं, थांबवायला आधार नसतो म्हणून. त्या बिलापुढे बाटल्या स्वस्त आहेत. हे घरच्यांना दोन मिनिटांत समजावता येणं हाही प्रशिक्षणाचाच भाग धरा.

औषधपेढी

आराखड्यात औषधशास्त्राला एकही महिना नाही, हे मला खटकलं. वेगळा महिना नको, पण कन्सल्टच्या पूर्ण वर्षात दर आठवड्याला एक डोसिंग राउंड हवा. सर्वांत जास्त पाहायला मिळणारी चूक म्हणजे रिपोर्टवर ज्याचा एमआयसी आकडा लहान ते औषध निवडणं. एका औषधाचा ०.५ आणि दुसऱ्याचा २ यांची तुलनाच होत नाही. प्रत्येक आकडा त्या त्या औषधाच्या ब्रेकपॉइंटशी (औषध चालेल की नाही ती सीमारेषा) आणि संसर्गाच्या जागी औषध किती पोचतं त्याच्याशी ताडायचा.

दुसरी चूक जीवघेणी: कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन बी यांची एककं. कोलिस्टिनचं १० लाख युनिट म्हणजे सुमारे ८० मिग्रॅ कोलिस्टिमेथेट सोडियम, पण कोलिस्टिन बेस धरलं तर साधारण ३३ मिग्रॅ. परदेशी लेखातला मिग्रॅ आकडा कोणत्या हिशेबाने लिहिला आहे ते न पाहता उतरवला तर डोस दुपटीहून जास्त चुकतो. लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) ९० लाख युनिट, म्हणजे सुमारे ३०० मिग्रॅ बेस. मूत्रपिंड बिघडलं असलं तरी लोडिंग कमी करायचं नाही, पुढचे डोस कमी करायचे. पॉलिमिक्सिन बीचं उलट: किलोला २०,०००–२५,००० युनिट लोडिंग, मग दर १२ तासांनी १२,५००–१५,०००, आणि मूत्रपिंडासाठी कमी करायचं नाही. ६० किलोच्या माणसाला लोडिंग १२ ते १५ लाख, म्हणजे ५ लाखांच्या तीन व्हायलपर्यंत. पण ते लघवीत फारसं उतरत नाही, म्हणून मूत्रमार्गाच्या संसर्गाला कोलिस्टिन. हे रेसिडेंटने कागद-पेन घेऊन करून दाखवलं पाहिजे, ॲपमध्ये पाहून नव्हे.

तिसरं, सेफ्टाझिडीम-अॅविबॅक्टम. परदेशी पुस्तकं केपीसी हे अँटिबायोटिक तोडणारं जंतूचं एन्झाइम समोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे एनडीएम आणि ओएक्सए-४८ ही तशीच एन्झाइमं जास्त. एनडीएमवर हे औषध एकटं चालत नाही, सोबत अॅझट्रिओनाम लागतं, आणि दोन्ही एकाच वेळी शिरेत असावी लागतात. आगेमागे दिली तर जोडीचा उपयोग जातो.

रेसिडेंट_मेडिकलचौक

औषधपेढी सर, हे प्रिंट काढून ड्युटी रूममध्ये लावतोय. धन्यवाद.

वैनगंगा

जिल्ह्याला दोनच महिने? आणि तेही ज्याच्या वाट्याला फेब्रुवारी येईल त्याने फेब्रुवारीत करायचे? भाऊ, फेब्रुवारीत इकडं येऊन तो काय पाहून राहणार? ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने द्या, आणि दोन रेसिडेंट असतील तर आलटून पालटून दोन्ही वर्षी द्या. एमडीच्या मुलांना तीन महिन्यांची जिल्हा निवासी योजना २०२१च्या बॅचपासून सक्तीची आहे, तेव्हा व्यवस्था काही शून्यातून उभी करायची नाही.

इथं काय शिकायचं ते सांगतो. फाल्सिपॅरमची किट एचआरपी-२ प्रथिन पकडते. ते रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून महिन्याभरापूर्वी उपचार घेतलेल्या माणसाला आज ताप आला आणि किट पॉझिटिव्ह निघाली, तर तो मलेरियाच असेल असं नाही. स्मिअर पाहा, स्क्रब शोधा, टायफॉइड शोधा. गंभीर मलेरियाला आर्टेस्युनेट किलोला २.४ मिग्रॅ, ०, १२ आणि २४ तासांना, मग रोज एक. २० किलोखालच्या मुलाला किलोला ३ मिग्रॅ. घरी सोडताना पुढचे चार आठवडे हिमोग्लोबिन तपासायची तारीख कागदावर लिहून द्या, कारण आर्टेस्युनेटनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी रक्त फुटू शकते, आणि तोवर माणूस घरी पोचलेला असते.

व्हायव्हॅक्स मलेरियाला प्रायमाक्वीन १४ दिवस, पण जी-६-पीडी एन्झाइमची कमतरता (तिच्यात या गोळीने रक्त फुटते) आदिवासी समाजांत लक्षात घेण्याइतकी आहे. तपासणी नसेल तर निदान लघवी काळी झाली की गोळी बंद करून परत या, हे त्याच्या भाषेत, गोंडीत किंवा माडियात, सांगता यायला पाहिजे. दुभाष्या आशाताई असते. तिच्यासोबत एक दिवस फिरणं मी अभ्यासक्रमातच लिहीन.

स्क्रबसाठी: कपडे पूर्ण काढून तपासा. चाव्याचा काळा चट्टा जांघेत, काखेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली असते. आयजीएम (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) पहिल्या पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्सिसायक्लिन रिपोर्टसाठी अडवून धरायचं नाही. गर्भवतीला अॅझिथ्रोमायसिन.

तापमापक

वैनगंगा, हंगामाचा मुद्दा मान्य. गंभीर स्क्रबमध्ये शिरेतून डॉक्सी आणि अॅझिथ्रो एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा चांगलं, हे भारतातल्याच अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीतून २०२३ साली पुढे आलं. आपला रेसिडेंट असे अभ्यास फक्त वाचणारा राहू नये, त्यात रुग्ण नोंदवणारा व्हावा. ऑगस्टमधली जिल्ह्याची पाळी त्यासाठीही उपयोगी.

बालज्वर

बालरोगाला एक महिना देणं म्हणजे तोंडदेखलं. ज्या चंडीपुरा विषाणूचं नाव २०२४ साली गुजरातमधल्या मुलांच्या मृत्यूंमुळे सगळ्या देशाने ऐकलं, तो १९६५ साली नागपुरातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला गेला. नाव इथल्याच वस्तीचं. वालुमाशीतून येतो, बहुतेक पंधरा वर्षांखालच्यांना होतो, आणि तापापासून बेशुद्धीपर्यंत कधी कधी एक-दोन दिवसही लागत नाहीत. औषध नाही. शिकवायचं ते हे: ग्लुकोज तपासणं, झटके थांबवणं, मेंदूची सूज ओळखणं, आणि रक्त व सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) विषाणू लॅबला थंड साखळीत वेळेवर पाठवणं. नमुना उशिरा निघाला तर निदानही गेलं आणि साथीचा इशाराही.

दुसरं सिकलसेल. पाच वर्षांच्या आतच प्लीहा निकामी होत जाते. ३८.५ अंशांवर ताप म्हणजे तातडी: कल्चर घ्या आणि सेफ्ट्रिअॅक्सोन लगेच द्या, एक्स-रेची वाट पाहू नका. हाड दुखतंय तर वेदनेचा झटका की ऑस्टिओमायलायटिस (हाडाचा संसर्ग) हे ठरवणं अनुभवी माणसालाही जड जातं. साल्मोनेला लक्षात ठेवायचा. हिमोग्लोबिन अचानक कोसळलं आणि रेटिक्युलोसाइट (नव्या तांबड्या पेशी) नाहीतच, तर पार्व्होव्हायरस बी-१९, आणि घरातल्या दुसऱ्या सिकलसेलच्या भावंडालाही बोलवायचं. न्यूमोकोकल लस दिली का हे प्रत्येक कार्डावर पाहायचं. एवढं एका महिन्यात होत नाही, दोन द्या.

अंबाझरी

सर्जन आणि कान-नाक-घसावाल्यांच्या बाजूने. म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) काळात जे सारखं होत होतं ते अजूनही होतं: काढलेल्या ऊतीचा सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो. मग कल्चर करणार कशाचं? दोन भाग करायचे: एक फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, एक निर्जंतुक सलाइनमध्ये बुरशीच्या तपासणीला. लॅबमध्येही तो तुकडा वाटायचा नाही, बारीक चिरायचा. म्युकरच्या तंतूंना आडव्या भिंती जवळजवळ नसतात, वाटलं की ते मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येतं. केओएचमध्ये (सूक्ष्मदर्शकाखालच्या झटपट तपासणीत) तर दिसलं होतं, मग वाढलं का नाही, म्हणून दोन विभाग भांडत बसतात.

म्हणून माझी सूचना: रेसिडेंटने महिन्यातून दोनदा तरी ऑपरेशन थिएटरमध्ये नमुना घेताना स्वतः हजर राहावं. स्वॅबपेक्षा पू, पूपेक्षा ऊती. आणि कुठल्या तरी कोपऱ्यात उरलेलं गळू न काढता अँटिबायोटिक बदलत राहणं थांबवायला सर्जनला पटवून देणं, हे तर तुमचं मुख्य काम.

लोकआरोग्य

संसर्ग नियंत्रणाचे तीन महिने बहुतेक ठिकाणी हात धुण्याची पोस्टरं लावण्यात जातात. नेमकं काम द्या. एक आयसीयू, तीन महिने, रोज ठरलेल्या वेळी किती रुग्णांना सेंट्रल लाइन आहे ते मोजणं. छेदच चुकला तर दर हजार लाइन-दिवसांमागचा सीएलएबीएसआयचा (लाइनमुळे रक्तात झालेल्या संसर्गाचा) दर निरर्थक. एका रुग्णाला दोन लाइन असल्या तरी लाइन-दिवस एकच धरायचा; दोन धरणं ही पहिली चूक. दुसरी, संसर्ग लाइनचाच आहे की न्यूमोनियातून रक्तात आला आहे हे न ठरवता नोंद करणं.

मग अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं त्याचा तक्ता. प्रत्येक रुग्णाचा पहिलाच जंतू मोजायचा, नाहीतर महिनाभर पडून असलेल्या एकाच रुग्णाचा अॅसिनेटोबॅक्टर सहा वेळा मोजला जातो आणि सगळं रुग्णालय पॅनरेझिस्टंट (कशालाच दाद न देणारं) दिसतं. ३० पेक्षा कमी जंतू असतील तर टक्केवारी छापायची नाही. दोन वर्षं एकत्र करा किंवा वॉर्ड एकत्र करा, आणि तसं खाली लिहा.

धंतोलीकर

यावरून कन्सल्टच्या बारा महिन्यांबद्दल. तिथे मोजायचं काय? मी स्टॅफ ऑरियस धरीन. रक्तात सापडला की पाच गोष्टी झाल्या का: दर २४–४८ तासांनी कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत पुन्हा, इको (हृदयाची सोनोग्राफी), मूळ जागेचा शोध आणि निचरा, मेथिसिलिनला दाद देत असेल तर व्हॅन्कोमायसिन सोडून सेफाझोलिन, आणि दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजणं, साध्याला किमान १४, गुंतागुंतीच्याला ४–६ आठवडे. रेसिडेंटच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे या पाच रकाने. "कन्सल्ट पाहिले: २००" अशा नोंदीतून काहीच कळत नाही.

एका बाबतीत मात्र तापमापकांशी असहमत. आयसीयूचे तीन महिने सलग नकोत. आयसीयूत सलग राहिलेला माणूस प्रत्येक तापाला मेरोपेनेम देण्याच्या सवयीत ओढला जातो, कारण तिथे थांबवण्याची जबाबदारी कुणी घेत नाही. वर्षाला एक महिना ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी त्याचं काम औषध सुरू करण्याचं नाही, ४८ ते ७२ तासांनी थांबवण्याचं असावं.

कस्तुरचंद

कुष्ठ आराखड्यात क्षयाच्या शेपटाला बांधलंय. रिअॅक्शन (कुष्ठात अचानक उसळणारा दाह) ओळखायला शिकवा. एमडीटी (कुष्ठाची बहुऔषधी) चालू असताना चट्टे लाल होऊन सुजले, नस दुखायला लागली, पाय लुळा पडायला लागला, तर औषधाची अॅलर्जी समजून एमडीटी बंद करतात आणि नस कायमची जाते. एमडीटी चालूच ठेवायची, प्रेडनिसोलोन सुरू करायचं, आणि दर भेटीत अल्नर, कॉमन पेरोनिअल या नसा चाचपून स्नायूंची ताकद लिहायची. कुष्ठ तज्ज्ञाच्या ओपीडीत आठ पूर्ण दिवस ठरवून द्या.

रेसिडेंट_मेडिकलचौक

आणि ज्यांना डीएमची जागा मिळणार नाही, एमडी करून भंडारा-गोंदियात बसायचं आहे, त्यांनी काय करावं? धागा सगळा डीएमवरच चाललाय.

सूक्ष्मदर्शी

एमडीच्या तीन वर्षांतच एवढं जमतं: रोज सकाळी राउंडआधी दहा मिनिटं लॅबला जाऊन आपल्या युनिटच्या पॉझिटिव्ह बाटल्या पाहणं, स्वतः ग्राम आणि मलेरिया स्मिअर वाचणं, एलपी (पाठीतून सुईने सीएसएफ काढणं) करताना मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) लावणं. क्षयाच्या संशयात सीएसएफ ६ ते १० मिली काढा. १ मिलीवर सीबीएनएएटी (क्षयाची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आलं तर त्यातून काही ठरत नाही. आणि निगेटिव्ह सीबीएनएएटीने क्षयाचा मेनिन्जायटिस नाकारला जात नाही, हे तर भिंतीवर लावा.

तापमापक

सगळ्यांचं वाचून बदललेला आराखडा. लॅब २ सुरुवातीला, मग आठवड्याला दोन प्लेट राउंड शेवटपर्यंत. कन्सल्ट १२, त्यात साप्ताहिक डोसिंग राउंड आणि महिन्याला दोनदा थिएटर. आयसीयू ३, पण वर्षाला एक. कर्करोग आणि प्रत्यारोपण ३, एचआयव्ही ३, क्षय-कुष्ठ ३ आणि त्यात कुष्ठाचे आठ दिवस ठरलेले. संसर्ग नियंत्रण ३. बालरोग २. जिल्हा ३, ऑगस्ट ते ऑक्टोबरच. ऐच्छिक २. बेरीज ३६च राहिली.

कर्करोग-प्रत्यारोपणाबद्दल कुणीच बोललं नाही. न्यूट्रोपेनियातला (पांढऱ्या पेशी घटल्यावरचा) ताप, सीएमव्ही विषाणू, आणि अॅम्फोटेरिसिन हे बुरशीचं औषध चालू असताना पोटॅशियम-मॅग्नेशियम कसं सांभाळायचं, यावर जाणकारांनी लिहावं. आणि परीक्षा कशी घ्यावी?

औषधपेढी

परीक्षेसाठी लांब केस नको, आठ टेबलं ठेवा, प्रत्येकी दहा मिनिटं. एका टेबलावर रंगवलेली स्लाइड आणि सूक्ष्मदर्शक. एकावर खरा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, त्यात एक मुद्दाम अशक्य ठेवलेला निकाल, उदाहरणार्थ क्लेबसिएला अँपिसिलिनला संवेदनशील. तो परीक्षार्थीने पकडायचा. एकावर ५२ किलोचा, क्रिएटिनिन ३.२ असलेला रुग्ण आणि कोरा ऑर्डर शीट. एकावर रागावलेला सर्जन, तो निचरा करायला तयार नाही. एकावर नातेवाईक, त्यांना चार बाटल्यांचा खर्च समजावायचा. ऑर्डर शीटवर डोस युनिटमध्ये लिहिला की मिग्रॅमध्ये, एवढ्यावर गुण कापायला मी तयार आहे.

वैनगंगा

एक टेबल जाड स्मिअरचं ठेवा. कोरी काच, लॅन्सेट, आणि स्मिअर सुकेपर्यंत थांबायला वेळ. जाड स्मिअरला मिथेनॉल लावलं की नापास.